विवाह आणि व्हिसा : अमेरिकी कायद्यातील दोन मार्गांचा तौलनिक विचार

एका देशाचा नागरिक दुसऱ्या देशाच्या नागरिकाशी विवाह करू इच्छितो तेव्हा दोन स्वतंत्र प्रश्न उत्पन्न होतात. विवाह कोठे व कोणत्या क्षणी वैध ठरतो हा पहिला प्रश्न. आणि त्या विवाहाच्या आधारे परदेशी जोडीदारास देशात येऊन राहण्याचा अधिकार कोणत्या क्रमाने मिळतो हा दुसरा. व्यवहारात ह्या दोहोंची गल्लत होते, आणि ‘कोणता व्हिसा लवकर मिळेल’ एवढ्या एकाच कसोटीवर निवड केली जाते. ही कसोटी अपुरी कशी आहे, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. विवेचनासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नागरिक आणि भारतीय नागरिक यांच्या विवाहाचे उदाहरण घेतले आहे. महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांच्या सोयरिकी त्या देशात आहेत, आणि अशा व्हिसांसाठी भारतीय अर्जदारांच्या मुलाखती मुख्यतः मुंबई येथील अमेरिकी वाणिज्य दूतावासात होतात; तेव्हा हा विषय आपल्या अभ्यासकांना परका नाही.

(१) पूर्वपीठिका

विवाह आणि नागरिकत्व यांचा संबंध अमेरिकी कायद्यात प्रारंभी स्त्रीला प्रतिकूल होता. १९०७ च्या कायद्यान्वये परकीयाशी विवाह करणारी अमेरिकी स्त्री पतीचे राष्ट्रीयत्व स्वीकारते असे मानले जाई. १९२२ च्या केबल कायद्याने हा नियम बहुतांशी दूर केला. परंतु नागरिकत्वास ‘अपात्र’ ठरलेल्या परकीयाशी विवाह केल्यास स्त्रीचे नागरिकत्व जाई, हा अपवाद त्याने कायम ठेवला. पुढच्याच वर्षी, १९२३ मध्ये, भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना ह्या अपात्रांच्या वर्गात टाकले, आणि भारतीयाशी विवाह करणारी अमेरिकी स्त्री त्या अपवादाच्या कक्षेत आली. हा अपवाद १९३१ मध्ये रद्द झाला. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला १०० व्यक्तींचा प्रवेश-कोटा मिळण्यास मात्र १९४६ साल उजाडावे लागले.

आज ज्याला वाग्दत्त व्हिसा म्हणता येईल त्याचे मूळ युद्धकाळात आहे. दुसऱ्या महायुद्धात परदेशी गेलेल्या सैनिकांच्या पत्नींसाठी डिसेंबर १९४५ मध्ये आणि वाग्दत्त वधूंसाठी जून १९४६ मध्ये विशेष कायदे करण्यात आले. ते तात्पुरते होते. वाग्दत्त जोडीदारासाठी स्थायी तरतूद एप्रिल १९७० मध्ये झाली, आणि तिलाच ‘के’ वर्गाचा व्हिसा असे नाव आहे. १९८६ मध्ये विवाहाच्या नावाखाली होणारी फसवणूक रोखण्याच्या हेतूने दोन महत्त्वाचे निर्बंध घालण्यात आले. वाग्दत्तांची प्रत्यक्ष भेट झालेली असली पाहिजे, हा एक. आणि नवविवाहितास प्रथम केवळ सशर्त निवासदर्जा मिळावा, हा दुसरा.

(२) दोन मार्गांचे स्वरूप

पहिला मार्ग वाग्दत्ताचा, म्हणजे ‘के-१’ व्हिसाचा. ह्यात अमेरिकी नागरिक आय-१२९एफ हा अर्ज करतो. केवळ कायम रहिवासी असलेल्या व्यक्तीस हा मार्ग खुला नाही. अर्जाच्या पूर्वीच्या दोन वर्षांत उभयतांची प्रत्यक्ष भेट झालेली असावी लागते. दूरध्वनीवर किंवा पडद्यावर झालेली भेट चालत नाही. परंपरेचे कडक पालन करणाऱ्या समाजात विवाहापूर्वी वधूवरांची भेट निषिद्ध असेल, तर ह्या अटीतून सूट मागता येते. परंतु आपल्याकडे मुलगी पाहण्याची चाल रूढ असल्याने मराठी कुटुंबास ह्या सवलतीचा आधार घेणे कठीण आहे. व्हिसा मिळून अमेरिकेत प्रवेश केल्यावर ९० दिवसांच्या आत विवाह करावा लागतो, आणि त्यानंतर देशातच राहून निवासदर्जासाठी आय-४८५ हा वेगळा अर्ज करावा लागतो.

दुसरा मार्ग पती अथवा पत्नीचा. ह्यात विवाह आधी होतो, मग नागरिक जोडीदार आय-१३० अर्ज करतो, आणि मुलाखतीनंतर परदेशी जोडीदारास स्थलांतरिताचा व्हिसा मिळतो. नागरिकाचे पती वा पत्नी ‘निकटचे नातलग’ ह्या वर्गात येत असल्याने त्यांना वार्षिक संख्येची मर्यादा नाही. प्रवेशाच्या दिवशी विवाहास दोन वर्षे झालेली नसतील तर ‘सीआर-१’, झालेली असतील तर ‘आयआर-१’, एवढाच नावाचा भेद. सीआर-१ धारकास सशर्त दर्जा मिळतो, आणि त्याची दोन वर्षे पुरी होण्यापूर्वीच्या ९० दिवसांत दोघांनी संयुक्त अर्ज करून ती अट काढून घ्यावी लागते. घटस्फोट झाला असेल किंवा जोडीदाराचा छळ सोसावा लागला असेल, तर विवाह सद्हेतूने केला होता असे दाखवून एकट्यानेही अर्ज करता येतो.

पतिपत्नींसाठी २००० साली निर्माण केलेला ‘के-३’ हा तिसरा प्रकार कायद्यात आहे. पण मूळचा आय-१३० अर्ज बहुधा आधी मंजूर होत असल्यामुळे तो आता क्वचितच उपयोगी पडतो.

(३) अनिश्चिततेचा भार

ह्या दोन मार्गांतील खरा भेद कालावधीचा नसून अनिश्चिततेच्या स्थानाचा आहे. पतिपत्नीच्या मार्गात वाट पाहण्याचा काळ परदेशी जोडीदार स्वतःच्या घरी, स्वतःच्या नोकरीत काढतो. आणि अमेरिकेत पाऊल ठेवतो त्या दिवशीच तो कायम रहिवासी होतो. त्याला काम करता येते, देशाबाहेर जाऊन परत येता येते. वाग्दत्ताच्या मार्गात विरहाचा काळ पुष्कळदा कमी होतो, परंतु अनिश्चितता संपत नाही. ती फक्त परदेशात हलविली जाते. दर्जाबदलाचा अर्ज प्रलंबित असताना कामाचा परवाना वेगळा मिळवावा लागतो. पूर्वपरवानगी न घेता देश सोडला तर अर्जच सोडून दिला असे धरले जाते. मायदेशी आईवडील आजारी पडले असता ह्या नियमाची धार जाणवते.

ह्याहूनही गंभीर बाब अशी की, के-१ धारकास ज्या नागरिकाने अर्ज केला त्याच्याशी झालेल्या विवाहाच्या आधारेच निवासदर्जा मिळू शकतो. तो विवाह ९० दिवसांत झाला नाही, तर दुसऱ्या कोणाशी विवाह करून किंवा दुसरा व्हिसावर्ग स्वीकारून तेथे राहता येत नाही; परत जाणे भाग पडते. विवाहापूर्वी अर्जदार नागरिकाचा मृत्यू झाला तर सारा आधार नाहीसा होतो. याउलट आय-१३० अर्ज केलेल्या नागरिकाचा मृत्यू झाला असता, २००९ च्या दुरुस्तीनंतर, विधवा वा विधुर जोडीदाराचा हक्क विवाहाच्या कालावधीची अट न घालता टिकून राहतो. नागरिकत्वाचा काळही येथेच ठरतो. नागरिकासह संसार करणाऱ्या जोडीदारास निवासदर्जा मिळाल्यापासून तीन वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. पतिपत्नीच्या मार्गात ही गणना प्रवेशाच्या दिवसापासून होते, वाग्दत्ताच्या मार्गात दर्जाबदल मंजूर झाल्यापासून.

खर्चाची तुलनाही उद्बोधक आहे. १ एप्रिल २०२४ पासून अमलात आलेल्या दरांनुसार वाग्दत्ताच्या मार्गात मूळ अर्जास ६७५, व्हिसास २६५ व दर्जाबदलास १,४४० असे एकूण २,३८० डॉलर होत; कामाचा आणि प्रवासाचा परवाना त्याहून वेगळा. पतिपत्नीच्या मार्गात कागदी अर्जास ६७५, व्हिसास ३२५, आर्थिक हमीपत्राच्या तपासणीस १२० आणि स्थलांतर शुल्क २३५, असे एकूण १,३५५ डॉलर होत. दर वेळोवेळी बदलतात. तथापि एकाच्या जागी दोन टप्पे असल्याने पहिला मार्ग महाग पडावा हे स्वाभाविक आहे.

(४) विवाह केव्हा झाला?

भारतीय अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. विवाह जेथे झाला तेथील कायद्याने तो वैध असेल तर सामान्यतः अमेरिकी कायदाही तो वैध मानतो. म्हणजे व्हिसाचा निर्णय अंशतः भारतीय विवाहकायद्यावर अवलंबून राहतो.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ नुसार विवाह रूढ विधींनी संपन्न होतो, आणि सप्तपदी हा त्यातील विधी असेल तर सातवे पाऊल पडताच तो पूर्ण होतो. नोंदणी हा केवळ पुरावा आहे. आता असे समजू की, के-१ अर्ज प्रलंबित असताना घरच्या वडीलधाऱ्यांच्या आग्रहाखातर पुण्यात मुहूर्तावर लग्न लावले आणि नोंदणी मात्र ‘अमेरिकेत गेल्यावर’ करावयाचे ठरविले. कुटुंबास हा समारंभ वाटेल. कायद्यास तो विवाह वाटेल. वाग्दत्त म्हणून अर्ज केलेली व्यक्ती विवाहित ठरली की के-१ चा पायाच नाहीसा होतो आणि पतिपत्नीच्या मार्गाने प्रारंभापासून जावे लागते. साखरपुड्यास अशी बाधा नाही.

नेमकी उलट चूकही होते. व्हिसाचा अर्ज लवकर करता यावा म्हणून विधी न करता केवळ नोंदणी उरकली जाते आणि लग्न पुढे लावले जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२४ च्या निर्णयात, आवश्यक विधींवाचून केवळ प्रमाणपत्र मिळविल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे स्पष्ट केले. त्या प्रकरणातील प्रमाणपत्रही रद्दबातल ठरविले. अशा प्रमाणपत्रावर उभारलेला आय-१३० अर्ज दुर्बल पायावर उभा राहतो हे उघड आहे.

उभयतांपैकी एक हिंदू नसेल, किंवा केवळ नोंदणीनेच विवाह करावयाचा असेल, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा हा योग्य आधार होय. त्यात एका पक्षाचे जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य आणि नोटिशीनंतर ३० दिवसांची मुदत लागते. अमेरिकेतून अल्प रजेवर येणाऱ्याने ही गणना आधी करावयास हवी. एक पक्ष समारंभास प्रत्यक्ष हजर नसलेला विवाह, त्यानंतर उभयतांचे सहजीवन झाल्याखेरीज, अमेरिकी स्थलांतर कायदा मानीत नाही, हेही लक्षात ठेवावे.

(५) वाग्दत्त मार्गाची योग्य स्थाने

वरील विवेचनावरून के-१ नेहमीच कनिष्ठ असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. समलिंगी जोडप्यांचे विवाह जून २०१३ नंतर अमेरिकी स्थलांतर कायद्यात ग्राह्य धरले गेले. भारतात मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहास मान्यता देण्यास नकार दिला. ज्यांना मायदेशी विवाहच करता येत नाही, त्यांना एक तर तिसऱ्या देशात विवाह करावा लागतो, नाही तर वाग्दत्त म्हणून अमेरिकेत जावे लागते.

दुसरे स्थान अपत्यांचे. के-१ धारकाचे २१ वर्षांखालील अविवाहित अपत्य त्याच अर्जावर ‘के-२’ व्हिसाने येऊ शकते. पतिपत्नीच्या मार्गात प्रत्येक अपत्यासाठी वेगळा अर्ज लागतो, आणि सावत्र नाते मानले जाण्यासाठी विवाहाच्या वेळी ते १८ वर्षांखालील असावे लागते. एकोणीस वर्षांच्या मुलीसह पुनर्विवाह करणाऱ्या मातेच्या बाबतीत विवाह आधी करणे म्हणजे मुलीस मागे ठेवणे होय. येथे घाई नव्हे, तर कुटुंबाची एकत्रता हीच के-१ ची बाजू भक्कम करते.

विवाह करून तेथेच राहण्याचा निश्चय आधीच झालेला असताना पर्यटक व्हिसावर जाण्याचा सल्ला काही वेळा दिला जातो. प्रवेशाच्या वेळी हेतू लपविणे ही कायद्याने असत्यकथनाची बाब ठरू शकते, आणि तिचा परिणाम कायमच्या प्रवेशबंदीपर्यंत जातो. हा मार्ग निवडीत धरूच नये.

(६) समारोप

एवंच, निवडीपूर्वी प्रश्नांचा क्रम असा असावा. अर्जदार नागरिक आहे की केवळ रहिवासी? उभयतांचा विवाह कोठे वैधपणे होऊ शकतो, आणि आजवर झालेल्या एखाद्या समारंभाने तो कायद्याच्या दृष्टीने झालेलाच आहे काय? सोबत अपत्ये आहेत काय व त्यांची वये कोणती? प्रतीक्षेच्या काळात परदेशी जोडीदाराने परावलंबी राहणे उभयतांस मान्य आहे काय? ह्यांची उत्तरे मिळाल्यानंतरच कालावधीचा विचार करावा. तेव्हा बहुसंख्य जोडप्यांस विवाह आधी व प्रवास नंतर हा क्रम हितकर ठरेल, आणि थोड्यांस त्याच्या नेमका उलट. हे थोडे कोण, हे मात्र अर्ज भरण्यापूर्वी, आणि शक्य तर लग्नाचा मुहूर्त धरण्यापूर्वी, ओळखले गेले पाहिजे.