अडकलं की आधी मशीन बंद! ग्रास कटर, वीडर, कुट्टी वापरताना बोटं-डोळे असे सांभाळा

सारोळे (ता. भोर) : पाऊस उघडला की बांधावरचं गवत कमरेला लागतं. पूर्वी ते काढायला विळा आणि चार माणसं लागायची. आता खांद्याला पट्टा अडकवला की एकटा माणूस दुपारपर्यंत दोन-तीन बांध मोकळे करतो. नीरेकाठच्या सारोळ्यापासून हिरडस मावळापर्यंत आणि तिकडे वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातही मजूर मिळेना, म्हणून ग्रास कटर, पॉवर वीडर आणि कुट्टी मशीन घरोघरी आली. कोणी रोखीने घेतली, कोणी महाडीबीटीवर अर्ज करून अनुदानावर. मशीन शेतात गेली, तिच्याबरोबर आलेलं माहितीपुस्तक मात्र खोक्यातच राहिलं.

या तिन्ही मशीनची कामं वेगळी आहेत, पण धोक्याची वेळ एकच आहे. ती म्हणजे गवत किंवा वैरण अडकते ती वेळ. मशीन चालू असताना माणूस सावध असतो. ती अडकली की तो वैतागतो, आणि घाईत हात पुढे जातो.

थांबलेलं पातं फसवतं

ग्रास कटरचं पातं साधारण दहा इंचांचं असतं. पूर्ण रेसवर ते मिनिटाला सहा-सात हजार फेरे घेतं. हिशेब केला तर पात्याचं टोक ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जातं. एवढ्या वेगात खडा, तारेचा तुकडा किंवा बाटलीची काच लागली तर ती गोळीसारखी सुटते. ती पिंडरीत घुसते, नाहीतर डोळ्यात.

पात्यात गवत गुंडाळलं की पातं थांबतं, पण इंजिन चालूच असतं. आतला क्लच नुसता घसरत असतो. अशा वेळी हाताने गवत ओढलं आणि रेस थोडी जरी दाबलेली असली, तर गवत सुटताक्षणी पातं फिरतं आणि बोटं त्याच्या वाटेत असतात. म्हणून गवत अडकलं की इंजिन बंद करा, पातं पूर्ण थांबू द्या, प्लगची टोपी काढा आणि मगच हात लावा. गवतही हाताने न ओढता काडीने किंवा आकड्याने काढा. यात एक मिनिट जातं, जास्त नाही.

ग्रास कटर सुरू करण्याआधी

- बांध एकदा चालत फिरून बघा. दगड, तार, ठिबकचे तुकडे, बाटल्या उचला. सापाचीही खात्री होते.
- पात्यामागचा गार्ड काढू नका. गवत अडकतं म्हणून अनेकजण तो काढून ठेवतात. उडालेला दगड पायावर येण्याआधी अडवतो तो हाच गार्ड.
- डोळ्यांना चष्मा किंवा जाळीचा मुखवटा, पायात बूट, अंगात जाड पँट हवी. चप्पल आणि लुंगीवर मशीन चालवू नये.
- कानात बोळे किंवा कानटोप घाला. रोज तासन्तास हा आवाज ऐकला तर ऐकू येणं हळूहळू कमी होतं आणि ते परत येत नाही.
- चहूबाजूंनी ५० फुटांत माणूस, पोरं, जनावरं नकोत. कोणाला काही सांगायचं असेल तर त्याने समोरून खूण करावी, मागून येऊन खांद्याला हात लावू नये.
- रेस सोडल्यावर पातं फिरायचं थांबलं पाहिजे. थांबत नसेल तर मेकॅनिककडून दुरुस्त करून घ्या, तोवर वापरू नका.
- तडा गेलेलं पातं वेल्डिंग करून वापरू नका. नट सैल नाही ना, हे रोज बघा.

पात्याचा पुढचा उजवा भाग खुंटाला किंवा दगडाला लागला तर मशीन जोरात बाजूला फेकली जाते. म्हणून खुंट आणि दगडी ताल असेल तिथे पातं काढून नायलॉन दोरीचं डोकं लावा. दोरीनेही खडे उडतात, चष्मा तेव्हाही लागतोच. उतारावर काम करताना बांधाला समांतर चाला, पाय घसरेल अशा ओल्या ठिकाणी थांबा.

वीडरची लिव्हर बांधू नका

बऱ्याच पॉवर वीडरला हँडलवर एक लिव्हर असते. ती दाबून धरली तरच दाते फिरतात, सोडली की थांबतात. हात दुखतो म्हणून काहीजण ती सुतळीने किंवा रबराने बांधून टाकतात. मग पाय घसरला, माणूस पडला, तरी दाते फिरतच राहतात. हात दुखत असेल तर पाच मिनिटं बसा, पण सुतळी बांधू नका.

दुसरा धोका रिव्हर्सचा. मागे झाड, बांध किंवा विहिरीचा कठडा असताना रिव्हर्स टाकला तर माणूस मधे सापडतो आणि दाते पायावर येतात. मागे घेताना दाते बंद करून, मागे पाहूनच घ्या.

कुट्टी : लाईट गेली तरी स्विच बंद

दूधवाल्या घरात कुट्टी रोज दोन वेळा चालते. बहुतेक ठिकाणी वैरण घालायला घरातल्या बायकाच असतात. वैरण आत ओढणारे रूळ माणसाच्या हातापेक्षा जोराने ओढतात. बोटांची टोकं सापडली की हात आत जायला क्षणही लागत नाही.

वैरण अडकली आणि तेवढ्यात लाईट गेली, हा सगळ्यांत वाईट प्रसंग. मशीन शांत असते, माणसाला वाटतं आता भीती नाही, आणि हात आत असतानाच लाईट येते. म्हणून लाईट गेली की पहिल्यांदा स्विच बंद करायचा. स्विच बंद केल्यावरही जड चाक पात्यांसकट काही वेळ फिरत राहतं, ते थांबेपर्यंत वाट बघायची.

स्विच दारामागे नको. वैरण घालणाऱ्याच्या हाताला लगेच लागेल असा हवा. वैरण घालायचं तोंड एवढं लांब हवं की हात रुळापर्यंत पोचूच नये. शेवटची आखूड वैरण हाताने ढकलू नका, लाकडी दांड्याने ढकला. पदर कमरेला खोचा, ओढणी काढून ठेवा, सैल बांगड्या उतरवा, केस बांधा. पोरांना कुट्टीजवळ उभं करू नका. मोटारीला अर्थिंग करून घ्या आणि ओल्या हाताने स्विचला हात लावू नका.

पेट्रोल भरताना

गरम इंजिनवर पेट्रोल सांडलं तर भडका उडतो. मशीन दहा मिनिटं थंड होऊ द्या. बिडी, सिगारेट, चूल लांब ठेवा. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल ठेवू नका, तहानलेलं पोर ते पाणी समजून पिऊ शकतं.

अपघात झालाच तर

- आधी मशीन किंवा मेन स्विच बंद. अडकलेला हात हिसका देऊन ओढू नका.
- जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात वर उचलून ठेवा. हळद, चुना, कॉफी पावडर भरू नका.
- तुटलेलं बोट टाकून देऊ नका. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवलं तर ते जोडण्यालायक राहत नाही. जेवढं लवकर पोचाल तेवढी जोडण्याची शक्यता जास्त.
- डोळ्यात काही घुसलं तर चोळू नका, स्वतः उपटू नका. वर कागदी कप झाकून, डोळ्यावर दाब न देता दवाखाना गाठा.
- १०८ वर फोन करा, रुग्णवाहिका मोफत येते. तुटलेलं बोट सोबत आहे हे फोनवरच सांगा, म्हणजे बोट जोडण्याची सोय असलेल्या रुग्णालयात नेता येईल.

सरकारी मदत

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत १० ते ७५ वयाचा खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातली एक व्यक्ती धरली जाते. अपघाती मृत्यू झाल्यास किंवा दोन डोळे अथवा दोन अवयव कायमचे निकामी झाल्यास २ लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास १ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. दवाखान्याचे सगळे कागद जपून ठेवा.

मळणी यंत्रात हात तुटायला लागले तेव्हा केंद्र सरकारने १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा केला. पण घरच्या गोठ्यात आणि बांधावर तपासायला कोणी साहेब येत नाही. तिथे मशीन चालवणारा आणि त्याच्या घरचे, यांनीच एकमेकांवर लक्ष ठेवायचं. आज संध्याकाळी कुट्टी सुरू करण्याआधी स्विच हाताला येतो का, तेवढं तरी बघून घ्या.