तिसऱ्या रकान्यातली मतं

मतमोजणीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला कोण निवडून येतंय हे कळत नाही. बाहेरच्यांना वाटतं, आतल्यांना सगळं आधी कळतं. पण आत मोबाइल नेता येत नाही, टीव्ही नसतो, शेजारच्या टेबलावर काय निघालं ते विचारायला उठताही येत नाही. समोर यंत्र, हातात सतरा-क चा फॉर्म आणि जाळीपलीकडे उमेदवारांची माणसं. २३ मे २०१९ रोजी औरंगाबाद लोकसभा मतदारसंघाच्या मोजणीत मी मतमोजणी सहायक होतो. शिक्षकाच्या नोकरीत निवडणुकीची कामं येतातच. मतदान केंद्रावर पेटीजवळ बसून माणसं दिसतात, मोजणीत गावं दिसतात.

त्या दिवशी चार वेळा खासदार झालेले शिवसेनेचे चंद्रकांत खैरे ४,४९२ मतांनी पडले आणि एमआयएमचे इम्तियाज जलील निवडून आले. जलील यांना ३,८९,०४२ मतं, खैरे यांना ३,८४,५५०. अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी ट्रॅक्टर चिन्हावर २,८३,७९८ मतं घेतली आणि काँग्रेसचे सुभाष झांबड ९१,७८९ वर थांबले. मतदारसंघात सुमारे दोन हजार केंद्रं होती. म्हणजे दर केंद्रामागे दोन-सव्वादोन मतांचा फरक. देशात मोदींची लाट होती, राज्यात सेना-भाजप युतीने ४८ पैकी ४१ जागा जिंकल्या होत्या. तशात सेनेच्या या बालेकिल्ल्यात एमआयएमचा पतंग निवडून आला. हे कसं घडलं याची शहरात आजही एका वाक्यात वासलात लावली जाते : ‘जाधवांनी खैरेंना पाडलं.’ मला ते वाक्य तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

मोजणीच्या माणसांना कोणता विधानसभा मतदारसंघ मिळणार हे आदल्या दिवशी कळतं आणि टेबलाचा क्रमांक त्याच दिवशी पहाटे पाचला. संगणक नावांची सरमिसळ करतो, म्हणजे कुणी कुणाशी आधीच संधान बांधू नये. औरंगाबाद लोकसभेत कन्नड, औरंगाबाद मध्य, पश्चिम, पूर्व, गंगापूर आणि वैजापूर हे सहा विधानसभा मतदारसंघ. सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण याच जिल्ह्यातले, पण लोकसभेला जालन्यात जातात. माझ्या वाट्याला गंगापूर आलं. त्यात खुलताबादही येतं, म्हणजे गोदाकाठच्या कापसा-उसापासून वेरूळच्या डोंगरापर्यंतची गावं.

आठला टपाली मतं सुरू झाली, साडेआठला यंत्रं. शिपाई स्ट्राँगरूममधून कंट्रोल युनिटची पेटी आणून टेबलावर ठेवतो. पेटीवरची चिठ्ठी, सीलचे क्रमांक, केंद्राध्यक्षाने मतदानाच्या दिवशी भरलेला फॉर्म, हे सगळं एकमेकांशी जुळलं की मग हिरव्या कागदी सीलला भोक पाडून त्याखालचं ‘रिझल्ट’चं बटण दाबायचं. आधी एकूण मतांचा आकडा येतो. तो फॉर्मशी जुळला पाहिजे. मग उमेदवार क्रमांक एक, त्याची मतं. क्रमांक दोन, त्याची मतं. उमेदवार वीसहून जास्त होते, मतदानाला दोन बॅलेट युनिट लागली होती. त्यामुळे पडद्यावरची ही यादी संपता संपत नाही. बहुतेकांच्या नावापुढे दोन, पाच, शून्य. आणि मधेच एकदम तीन आकडी संख्या येते, तेव्हा जाळीपलीकडची माणसं पुढे झुकतात.

“सर, जरा इकडं वळवा की मशीन. ट्रॅक्टरला किती म्हणले?”

पर्यवेक्षक यंत्र उचलून पडदा जाळीकडे करतात, आकडा पुन्हा मोठ्याने वाचतात. त्यांच्या शेजारी सूक्ष्म निरीक्षक स्वतंत्रपणे तोच आकडा लिहून घेतो. मग फॉर्मवर प्रतिनिधींच्या सह्या, यंत्र बंद, पुन्हा सील, पुढचं यंत्र. एका प्रतिनिधीने वहीत सकाळी दोनच रकाने आखून आणले होते, खैरेंचा बाण आणि जलील यांचा पतंग. बाकीच्यांसाठी कडेला थोडी जागा. तिसरं यंत्र संपायच्या आत त्याने पट्टी नसताना पेनानेच तिसरी उभी रेघ ओढली आणि वर ‘ट्रॅ’ एवढंच लिहिलं. दुपारपर्यंत तोच रकाना त्याच्या वहीत सगळ्यांत काळजीपूर्वक भरला जात होता.

कारण यंत्रागणिक चित्र बदलत होतं. एका गावात बाण भरघोस, त्याला लागून असलेल्या गावात ट्रॅक्टर पुढे, मधेच एखाद्या केंद्रावर पतंगाचा आकडा असा की बाकी सगळे मिळूनही त्याच्या जवळ नाहीत. खैरेंची सरसकट पकड कुठे दिसत नव्हती. मराठा घरांच्या गावात ट्रॅक्टर का चालला हे मात्र गंगापूरच्या टेबलावर बसलेल्या कुणालाही वेगळं सांगावं लागत नव्हतं.

मराठा क्रांती मोर्चाची सुरुवात याच शहरातून झाली, ९ ऑगस्ट २०१६ ला. लाखो माणसं एक घोषणा न देता रस्त्यावरून चालली. दोन वर्षांनी, जुलै २०१८ मध्ये, गंगापूर तालुक्यातल्या कायगाव टोका इथे आरक्षणासाठी आंदोलन करणाऱ्या एका तरुणाने पुलावरून गोदावरीत उडी घेतली आणि तो गेला. अंत्यसंस्काराला आलेल्या खासदार खैरेंना जमावाने धक्काबुक्की करून परत पाठवलं. आणि त्याच आठवड्यात कन्नडचे तेव्हाचे सेनेचे आमदार हर्षवर्धन जाधव यांनी आरक्षणाच्या प्रश्नावर आमदारकीचा राजीनामा दिला. लोकसभेला ते ट्रॅक्टर घेऊन अपक्ष उभे राहिले ते या पार्श्वभूमीवर. म्हणून ज्याने ट्रॅक्टरचं बटण दाबलं त्याने खैरेंचं मत चोरून दुसऱ्याला दिलं असं मी म्हणू शकत नाही. कायगावला जे झालं त्यानंतर ते मत खैरेंचं राहिलंच नव्हतं.

शहराचा राग वेगळा होता. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहरात महिनोन्‌महिने कचऱ्याचे ढीग साचले. मिटमिट्याला कचरा टाकायला गेलेल्या गाड्यांवरून दगडफेक झाली, लाठीमार झाला. मे महिन्यात दंगल. नाथसागर जलाशय जेमतेम पन्नास किलोमीटरवर, तरी नळाला पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी. समांतर जलवाहिनीचं नाव ऐकत एक पिढी मोठी झाली. महापालिकेत इतकी वर्षं सत्ता युतीची आणि शहरात सेनेचा सगळ्यांत मोठा चेहरा खैरेंचा. ‘खान हवा की बाण’ ही घोषणा इथे पंचवीस-तीस वर्षं चालली. पाण्याच्या टँकरसाठी रांगेत उभ्या असलेल्या बाईला त्या घोषणेने काही मिळत नव्हतं.

आता ज्यांना ‘बाहेरचा’ म्हटलं गेलं त्या उमेदवाराबद्दल. जलील याच शहरातले. वीसेक वर्षं पत्रकार, एनडीटीव्हीचे पुण्यातले प्रतिनिधी, मराठी-हिंदी-इंग्रजीत सारखंच बोलणारे. बाहेरचा होता तो पक्ष. मजलिस, म्हणजे एमआयएम, हे नाव मराठवाड्यात रझाकारांची आठवण घेऊनच येतं. मराठवाडा मुक्तीचा १७ सप्टेंबर १९४८ ज्यांच्या घरात अजून सांगितला जातो त्यांना पतंग बघून काय वाटतं हे मला माहीत आहे, माझ्याही घरात त्या गोष्टी सांगितल्या जायच्या. पण शिवसेनाही इथे एकेकाळी मुंबईहून आलेलाच पक्ष होती. १९८८ च्या पहिल्या महापालिका निवडणुकीत तिने ६० पैकी २७ जागा घेतल्या तेव्हा जुने काँग्रेसवाले असेच चक्रावले होते. पुढे १९९९ ला खैरेंनी पहिली लोकसभा जिंकली ती बॅ. अंतुले यांना हरवून.

एमआयएमने हे एका दिवसात केलं नाही. २०१४ च्या विधानसभेला सेना आणि भाजप वेगळे लढले. औरंगाबाद मध्यमध्ये जलील यांना ६१,८४३, सेनेचे प्रदीप जैस्वाल यांना ४१,८६१, भाजपचे किशनचंद तनवाणी यांना ४०,७७०. तिसऱ्याची मतं पहिल्यांदा तिथे मोजायची वेळ आली. वर्षभरात महापालिकेच्या ११३ पैकी २५ जागा पक्षाकडे आल्या. तरीही लोकसभेचं गणित फक्त मुस्लिम मतांवर बसत नव्हतं. ते बसलं २ ऑक्टोबर २०१८ ला, जबिंदा मैदानावर, जिथे प्रकाश आंबेडकर आणि असदुद्दीन ओवेसी एका व्यासपीठावर आले. हे शहर बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयाचं आणि नामांतराच्या लढ्याचं. काँग्रेसला वर्षानुवर्षं मत देऊन कंटाळलेल्या वस्त्यांना या दोघांच्या वंचित बहुजन आघाडीने दुसरा रस्ता दिला. उमेदवारीसाठी आधी माजी न्यायमूर्ती कोळसे पाटील यांचं नाव होतं. जलील यांचं नाव मार्चअखेरीस पुढे आलं आणि मतदान होतं २३ एप्रिलला.

काँग्रेसकडे तर लढण्याची उमेदच राहिली नव्हती. झांबडांना तिकीट मिळाल्यावर जिल्हाध्यक्ष अब्दुल सत्तार यांनी पक्ष सोडला आणि शहागंजच्या गांधी भवनातल्या खुर्च्या आपल्या आहेत म्हणून उचलून नेल्या. ज्या पक्षाच्या कार्यालयात बसायला खुर्ची नाही त्याच्याकडे भाजपविरोधी मतदार थांबणार कसा? झांबडांची ९१ हजार मतं वाढली असती तर जलील आलेच नसते. याबद्दल मात्र कुणी ‘झांबडांनी जलील यांना निवडून आणलं’ असं म्हणत नाही.

संध्याकाळी यंत्रं संपली तरी आम्ही सुटलो नाही. त्या वर्षी ८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला होता की प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजून यंत्राशी ताडायच्या. त्याआधी एकच केंद्र असायचं. चिठ्ठ्या टाकून केंद्र निवडलं जातं, मग जाळीने वेढलेल्या जागेत खणांचं खोकं ठेवून एकेक चिठ्ठी त्या त्या उमेदवाराच्या खणात टाकायची. थर्मल कागदाची ती बोटभर चिठ्ठी हातात घेतली की यंत्रातला आकडा एकदम माणसाचा होतो. फिकट काळ्या शाईत क्रमांक, नाव, चिन्ह. पतंग, बाण, ट्रॅक्टर, पतंग. कुणीतरी महिनाभरापूर्वी उन्हात रांगेत उभं राहून काचेआड सात सेकंद तीच चिठ्ठी पाहिली होती आणि समाधानाने घरी गेलं होतं. पंचवीस-पंचवीसच्या गठ्ठ्यांना रबर लावताना ‘मतं फुटली’ हा शब्दप्रयोग मला फार खटकला. त्या खणांत फुटलेलं काहीच नव्हतं. प्रत्येक चिठ्ठी अख्खी होती.

आपल्या पद्धतीत मतदाराला एकच प्रश्न विचारला जातो. त्याचा उमेदवार तिसरा आला तर ‘मग उरलेल्या दोघांत कोण?’ असं कुणी विचारत नाही. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत विचारतात. १९६९ ला काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते आणि इंदिरा गांधींच्या छुप्या पाठबळावर व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे राहिले. तिसरे आपले चिंतामणराव देशमुख. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८, देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य. निम्म्याच्या वर कुणीच नव्हतं, म्हणून देशमुखांच्या मतपत्रिका पुन्हा उघडून दुसरी पसंती वाचली गेली. ती बहुतांश रेड्डींकडे गेली, तरी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निसटते निवडून आले. पक्षाचा अधिकृत उमेदवार पाडून आलेल्या माणसाला निदान एवढं म्हणता आलं की निम्म्याहून जास्त मतमूल्य माझ्याकडे आहे. अमेरिकेत २०१६ ला डोनाल्ड ट्रम्प देशभरात सुमारे २९ लाख मतांनी मागे राहून, तीन राज्यांतल्या मिळून सुमारे ७८ हजार मतांच्या आघाडीवर अध्यक्ष झाले. तिथला प्रश्न राज्यांच्या वजनाचा, आपला तिसऱ्या उमेदवाराचा. जलील साडेबत्तीस टक्क्यांवर आले. साडेसदुसष्ट टक्के लोकांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं, हे खरं. पण खैरेंनाही अडुसष्ट टक्के लोकांनी नाकारलं होतं, हेही तितकंच खरं. गंगापूरच्या ट्रॅक्टरवाल्यांना दुसरी पसंती विचारली असती तर त्यांनी काय लिहिलं असतं? कायगावनंतर सगळ्यांनी बाणच लिहिला असता, हे मी गृहीत धरायला तयार नाही.

पुढची पाच वर्षं हाच हिशोब उलटा फिरत गेला. विधानसभेच्या तोंडावर वंचित आणि एमआयएमची युती तुटली आणि शहरातली मध्यची जागाही एमआयएमकडून गेली. २०२४ च्या लोकसभेला सेना दोन झाल्या. खैरे उद्धव ठाकरेंकडून, संदिपान भुमरे एकनाथ शिंदेंकडून, वंचितचा उमेदवार वेगळा. बाणाची मतं दोघांत वाटली जातील आणि जलील पुन्हा येतील असा अंदाज बरेच जण बांधत होते. भुमरेंना ४,७६,१३०, जलील यांना ३,४१,४८०, खैरेंना २,९३,४५०. १,३४,६५० चा फरक पडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात जलील औरंगाबाद पूर्वमधून विधानसभेला उभे राहिले आणि भाजपच्या अतुल सावे यांच्याकडून २,१६१ मतांनी हरले. एमआयएममधून बाहेर पडलेले डॉ. गफ्फार कादरी तिथे समाजवादी पक्षाकडून उभे होते, त्यांना या फरकापेक्षा जास्त मतं मिळाली. त्या रात्री रोशनगेट परिसरात ‘कादरींनी पाडलं’ असं बोललं जात होतं. २०१९ ला गुलमंडीवर जाधवांबद्दल बोललं गेलं होतं, अगदी तेच आणि त्याच सुरात. तिथल्या कार्यकर्त्यांशी बोलताना मी त्यांनाही हेच सांगितलं की कादरींना ज्यांनी मत दिलं त्यांनी ते कादरींना दिलं होतं.