पट्टीवरचं आगंतुक बटण

वर्डप्रेसच्या जुन्या, म्हणजे ‘क्लासिक’ एडिटरमध्ये लिहायला बसलं की डोक्यावर चिन्हांची एक पट्टी दिसते. ठळक, तिरपं, यादी, अवतरण, दुवा. बहुतेकांचं एवढ्यात भागतं. पण पाककृतींची साइट चालवणाऱ्या एखादीला मजकुरात ठिकठिकाणी ‘टीप’ची पिवळी चौकट हवी असते, आणि त्यासाठी दर वेळी एचटीएमएल हातानं लिहायचा तिला कंटाळा असतो. ती एक छोटं प्लगिन चालू करते, पान रिफ्रेश करते आणि पट्टीत एक नवं बटण येऊन बसलेलं असतं. वर्डप्रेसच्या मूळ कोडमधलं एक अक्षरही बदललेलं नसतं. पट्टी बनवणाऱ्यांच्या तर हे बटण गावीही नव्हतं. मग त्याला जागा दिली कोणी?

पट्टी दिसते तशी पक्की नसतेच. एडिटर उघडताना प्रत्येक वेळी वर्डप्रेस ती नव्यानं मांडतं. आधी बटणांच्या नावांची यादी तयार होते आणि पडद्यावर जाण्यापूर्वी ती सगळ्या प्लगिनांपुढून फिरवली जाते. वाण्याकडे जाण्याआधी सामानाची यादी घरभर फिरते, जो तो आपली एखादी वस्तू वाढवतो किंवा खोडतो, तसंच. या फिरवण्याला ‘फिल्टर’ म्हणतात आणि या यादीच्या फिल्टरचं नाव ‘एमसीई बटन्स’. यादी कोणाकडे आधी जायची हे क्रमांकावर ठरतं; मुद्दाम कोणी काही सांगितलं नाही तर सगळ्यांचा क्रमांक 10. ज्याला आधी हात मारायचा त्यानं लहान आकडा घ्यायचा, ज्याला शेवटचा शब्द हवा त्यानं मोठा. नुसतं नाव घालून मात्र भागत नाही. ते बटण दाबल्यावर काय करायचं हे सांगणारी जावास्क्रिप्टची फाइल कुठे आहे, तो पत्ता दुसऱ्या एका फिल्टरमधून द्यावा लागतो. नाव एकीकडे, पत्ता दुसरीकडे, आणि दोन्ही जुळले की बटण जिवंत!

वर्डप्रेस 2003 साली मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी सुरू केलं, आणि पुढच्याच वर्षी 1.2 आवृत्तीत प्लगिनांसाठी हे दरवाजे उघडले. म्हणजे अनोळखी माणसं येणार, हे धरूनच बांधकाम झालं. लिहिण्याची खिडकी तर वर्डप्रेसची स्वतःचीही नाही. ती ‘टायनीएमसीई’ नावाच्या वेगळ्या एडिटरची, 2005 अखेरच्या 2.0 आवृत्तीत आणून बसवलेली. म्हणजे आपलं बटण हे पाहुण्याच्या घरी आलेला पाहुणा.

आता बटण दाबून पाहू. ‘तूप कडकडीत तापू द्या’ हे शब्द माउसनं निवडले आणि ‘टीप’वर क्लिक केलं. बटण निवडलेला मजकूर उचलतं, त्याच्या आधी एक टॅग, नंतर एक टॅग लावतं आणि परत ठेवतं. पहिल्या टॅगवर ‘टीप’ असं नाव, म्हणजे क्लास, लिहिलेलं असतं. बस्स. पिवळा रंग, कड, चौकट यांतलं काहीही बटण करत नाही. ते काम स्टाइलशीटचं. उद्या पिवळ्याऐवजी हिरवी चौकट हवी झाली तर स्टाइलशीटमधली एक ओळ बदलायची आणि जुन्या पाचशे पाककृतींमधल्या टिपा एकदम हिरव्या. एकही लेख उघडावा लागत नाही. मला या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत देखणं काही वाटत असेल तर हेच.

एडिटरच्या एचटीएमएल दाखवणाऱ्या टॅबची पट्टी वेगळी. तिथली बटणं, म्हणजे ‘क्विकटॅग्ज’, साधी पण हुशार. काहीही न निवडता ‘बी’ दाबलं तर सुरुवातीचा टॅग पडतो आणि बटणावरच्या अक्षरापुढे एक तिरकी रेघ येते: टॅग उघडा आहे, बंद करायला पुन्हा दाबा. इथेही स्वतःचं बटण घालता येतं, आणि तेही एका ओळीच्या कोडमध्ये.

डिसेंबर 2018 मध्ये 5.0 आवृत्तीबरोबर गुटेनबर्ग हा ठोकळ्यांचा एडिटर आला. तिथे नोंदणीची रीत निराळी आहे, पण बाहेरच्याला बटण लावू देण्याची सोय कायम आहे. जुनी पट्टी हवी असणाऱ्यांसाठी ‘क्लासिक एडिटर’ परत आणून देणारं प्लगिनही आहे!

एक कुरकुर मात्र करायलाच हवी. काही प्लगिनांची बटणं टॅगऐवजी चौकटी कंसातला शॉर्टकोड टाकतात. प्लगिन चालू आहे तोवर सगळं झकास. ते बंद केलं की तेच कंस लेखात उघडे पडतात, आणि वाचक बिचारा बुचकळ्यात. टॅग लावणाऱ्या बटणाचं तसं होत नाही. प्लगिन गेलं तर फार तर चौकट जाते, वाक्य शाबूत राहतं. म्हणून नवं बटण आवडलं तरी लगेच शंभर लेखांत वापरू नका. आधी एका चाचणीच्या लेखात ते दाबा, प्लगिन बंद करा आणि पान उघडून बघा.