आधी मळ काढा, मग कंडिशनरचे बघा

ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची उंच कड उजेडात नीट पाहा. गाडीत चढताना-उतरताना मांडी दर वेळी तिथेच घासते. नवी असताना ही जागा अजिबात चमकत नाही. काही काळाने ती चकाकू लागते. लेदरला तकाकी आली, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती घाम, त्वचेचे तेल, धूळ आणि जीन्सचा सुटलेला निळा रंग यांची पुटे असतात. पुढे भेगाही पहिल्यांदा इथेच पडतात. मग कंडिशनरची बाटली आणली जाते आणि मळ न काढताच त्यावर ते चोळले जाते.

कातडे म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची दाट वीण. ओले राहिले तर ते कुजते, वाळले तर ताठ होते, म्हणून ते कमवावे लागते. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांतल्या टॅनिनने कमावतात. त्यावर मुलामा नसतो, म्हणून तेल दिले की ते मुरते. गाडीच्या सीटचे कातडे बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी किंवा ग्लुटराल्डिहाइडने कमावलेले असते. त्याला लागणारे तेल टॅनरीतच तंतूंमध्ये मुरवतात. त्यावर रंगाचा थर आणि शेवटी पॉलियुरेथेनचा पारदर्शक मुलामा चढवतात. म्हणजे बहुतेक सीटवर आपला हात लागतो तो या मुलाम्याला, कातड्याला नव्हे.

तुमची सीट कुठल्या प्रकारची आहे, हे पाण्याच्या एका थेंबावरून कळू शकते. सहज न दिसणाऱ्या भागावर थेंब ठेवा. तो मुरून जागा गडद झाली, तर ते उघड्या छिद्रांचे, अ‍ॅनिलिन प्रकारचे लेदर असण्याची शक्यता मोठी. थेंब तसाच राहिला, तर वर मुलामा आहे किंवा ते लेदरच नाही. गाडीच्या माहितीपत्रकात ‘लेदरेट’ असे लिहिले असेल, तर ते पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेनचे कृत्रिम कापड, आपल्या बोलीत रेक्झिन. काही गाड्यांत बसायचा भाग खऱ्या लेदरचा आणि बाजू रेक्झिनच्या असतात.

क्लीनर निवडताना आधी त्याचा सामू पाहावा. कमावलेले कातडे आम्लधर्मी असते. त्याचा सामू ४ च्या आसपास असतो. अंगाच्या साध्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. असा अल्कधर्मी साबण किंवा अमोनिया असलेला काचेचा क्लीनर भेगांतून आत शिरला, तर तंतूंना इजा करतो. स्पिरिट, थिनर आणि अल्कोहोलचे सॅनिटायझर मुलामाच खराब करतात. म्हणून पाण्यावर आधारलेला, उदासीन किंवा किंचित आम्लधर्मी, फेस होणारा क्लीनर घ्यावा. आधी व्हॅक्यूमने धूळ काढा. फेस सीटवर न ओतता मऊ ब्रशवर घ्या आणि तळहाताएवढा भाग हलक्या हाताने घासा. सुटलेला मळ वाळण्याआधी ओलसर मायक्रोफायबरने टिपा आणि कोरड्या कापडाने पुसा. बारीक भोके असलेल्या सीटवर द्रव कधीच ओतू नये. तो आतल्या फोममध्ये साठतो.

आता कंडिशनर. मुलामा दिलेल्या लेदरमध्ये तेल फारसे शिरतच नाही. ते वर चिकट राहते, धूळ धरते आणि पावसाळ्यात बुरशीला आयते खाद्य मिळते. खोबरेल तेल आणि बुटांचे पॉलिश सीटला लावूच नये. पॉलिशचा रंग कपड्यांना लागतो. मुलाम्याच्या सीटला तेलकट नसलेले, पाण्यावर आधारलेले आणि अतिनील किरणांपासून संरक्षण देणारे उत्पादन पुरे. अ‍ॅनिलिन लेदरला कंडिशनरचा खरा उपयोग होतो, पण तेही थोडे आणि आधी लपलेल्या जागी लावून पाहूनच. रेक्झिनला लेदर कंडिशनरची गरज नाही.

भेगांचे दुसरे मोठे कारण म्हणजे ऊन. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टेम्पी शहरात केलेल्या एका अभ्यासात, उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांच्या सीट सरासरी ५१ अंश सेल्सिअसपर्यंत आणि डॅशबोर्ड ६९ अंशांपर्यंत तापले होते. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. उष्णतेने कातड्यातला ओलावा उडतो, तंतू आकसतात आणि वरचा मुलामा ताणला जातो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात काचेला लावलेला सनशेड सीटसाठी जे करतो, ते कोणत्याही बाटलीला जमणार नाही. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात काळजी उलटी: भिजलेली सीट पुसून, वारा लागू देऊन पूर्ण कोरडी करावी.

म्हणून खर्चाचा क्रम असा ठेवावा: आधी सौम्य क्लीनर आणि दोन मायक्रोफायबर कापडे, मग सनशेड आणि सगळ्यात शेवटी कंडिशनर. लेदरसाठी एका जनावराचे कातडे खर्ची पडलेले असते आणि ते कमावताना पुष्कळ पाणी आणि रसायने लागतात. एवढे मोल देऊन झालेली वस्तू गाडी चालते तोवर टिकवणे, हे आपले कर्तव्यच आहे.