एक यंत्र आणि तीन उत्तरे

हिशेबशास्त्र, वित्तशास्त्र आणि अर्थशास्त्र यांतील प्राथमिक उदाहरणे वेगवेगळी सोडविताना विद्यार्थ्यास फारशी अडचण पडत नाही. अडचण उद्भवते ती एकाच व्यवहाराविषयी तिन्ही शास्त्रे निरनिराळी उत्तरे देऊ लागतात तेव्हा. या उत्तरांत खरोखर विरोध आहे काय, हे पुढील उदाहरणावरून पाहता येईल.

एक तेलगिरणीमालक १,००,००० रुपयांचे यंत्र घेण्याच्या विचारात आहे असे मानावे. यंत्राचे आयुष्य ५ वर्षे असून त्यानंतर त्याचे मूल्य शून्य होते. प्रत्येक वर्षाअखेर ६०,००० रुपये रोख जमा होतात व ३४,००० रुपये रोख खर्च होतात. म्हणजे २६,००० रुपये उरतात. तितक्याच जोखमीच्या अन्य गुंतवणुकीवर १० टक्के मिळकत होऊ शकते. कर व भाववाढ यांचा विचार येथे केलेला नाही.

हिशेबनीस यंत्राची किंमत पाच वर्षांवर सारखी वाटून दरसाल २०,००० रुपये घसारा धरतो. त्याच्या वहीत दरसाल ६,००० रुपये, म्हणजे एकूण ३०,००० रुपये नफा दिसतो. वित्तशास्त्राचा अभ्यासक मात्र उद्याचा रुपया आजच्या रुपयाइतका मोलाचा मानीत नाही. १० टक्के दराने पाच वर्षांच्या रकमांचे वर्तमान मूल्य सुमारे ९८,५६० रुपये भरते. म्हणजे खरेदीत १,४४० रुपयांचे नुकसान आहे.

या दोहोंतील दुवा अर्थशास्त्रातील वैकल्पिक खर्चाच्या कल्पनेत सापडतो. यंत्रात अडकलेले भांडवल अन्यत्र जे मिळविते, तोही खर्चच होय. वर्षारंभीचे पुस्तकी मूल्य अनुक्रमे १,००,०००, ८०,०००, ६०,०००, ४०,००० व २०,००० रुपये असते. त्यावरील १० टक्के आकार नफ्यातून वजा केल्यास पहिल्या वर्षी ४,००० व दुसऱ्या वर्षी २,००० रुपये तोटा, तिसऱ्या वर्षी शून्य, आणि पुढे अनुक्रमे २,००० व ४,००० रुपये नफा उरतो. या आकड्यांची बेरीज शून्य येते. परंतु तोटा आधी व नफा नंतर असल्यामुळे त्यांचे वर्तमान मूल्य पुन्हा उणे १,४४० रुपयेच येते. हा योगायोग नव्हे. वोल्फगांग ल्यूके या जर्मन अभ्यासकाचे नाव ज्याच्याशी निगडित आहे, तो १९५५ सालचा सिद्धांत हेच सांगतो. घसाऱ्याची पद्धत बदलली तरी, एकूण घसारा यंत्राच्या किमतीइतका असेल तर, हे उत्तर बदलत नाही.

आता यंत्र घेतले गेले असून एक वर्ष लोटले आहे, आणि कोणी त्यास ७०,००० रुपये देऊ करतो असे समजावे. पुस्तकी मूल्य ८०,००० रुपये असल्याने विक्रीत १०,००० रुपयांचा तोटा नोंदवावा लागेल; पण निर्णयाशी त्या आकड्याचा संबंध नाही. उरलेल्या चार वर्षांच्या प्राप्तीचे वर्तमान मूल्य सुमारे ८२,४०० रुपये आहे, म्हणून यंत्र ठेवणेच हिताचे. उलट देकार ८५,००० रुपयांचा असता तर विकणे योग्य ठरले असते. जे यंत्र घेणे चुकीचे होते, तेच ठेवणे बरोबर ठरते, ते यामुळेच. कारण गेलेला पैसा कोणत्याही निर्णयाने परत येत नाही.

तात्पर्य, तीन उत्तरांमागे तीन प्रश्न आहेत: गतवर्षी काय घडले, आज रक्कम गुंतवावी काय, आणि कोणता पर्याय सोडावा लागतो. वहीतील नफ्यालाच खरेदीचा आधार मानणारा मालक दरसाल नफा दाखवीत असतानाही अधिक लाभाची संधी गमावीत असतो. म्हणून उदाहरण सोडविण्यापूर्वी कोणता प्रश्न विचारला आहे, हे ठरविणे ही त्यातील पहिली पायरी होय.