गाडी दोन हात पुढं घ्या

फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात वणव्याचा हंगाम असतो. सागाची पानं गळून जमिनीवर कुरकुरीत थर साचतो. मोबाइलला रेंज नाही अशा पट्ट्यात आगीची खबर एका गस्तीच्या गाडीकडून दुसऱ्या गाडीकडे जाते ती वायरलेसवरून. म्हणून हंगाम सुरू होताना सेट तपासून घेतात. अशाच एका तपासणीला मी दिवसभर थांबलो.

सेट दुरुस्त करणाऱ्या भाऊंनी सेटला हातही लावला नाही. आधी एरियलची वायर जिथं जोडलेली असते ते कनेक्टर उघडलं. मधली पिन हिरवी पडली होती, पावसाळ्यात पाणी शिरलेलं. पॉलिश पेपरनं घासून, नवा सोल्डर देऊन वर रबरी टेप घट्ट गुंडाळली. मग मीटर लावलं. एरियलकडून परत फिरणारी पॉवर दाखवणारा काटा खाली बसला. बंपरवरचं एरियल त्यांनी टपाच्या मधोमध आणलं, कारण पत्र्याचा टप हाच एरियलचा उरलेला अर्धा भाग असतो. 150 मेगाहर्ट्झची लहर दोन मीटरची, तिचा चौथा हिस्सा म्हणजे अर्ध्या मीटरची कांडी.

दुसरी जीप टेकडीपलीकडच्या नाल्यात उभी होती. आवाज तुटक येई. “गाडी दोन हात पुढं घ्या, ओव्हर.” गाडी सरकली, आवाज मोकळा झाला. थेट आलेली लहर आणि टेकडी-झाडांवर आपटून आलेली लहर एखाद्या जागी एकमेकींना मारतात. मीटरभर अंतरावर त्याच एकमेकींना साथ देतात. हे पाहिल्यावर जास्त वॅटच्या सेटची मागणी मला फारशी पटत नाही. 25 वॅटचे 50 केले तरी मिळतात तीनच डेसिबल.

आता गाड्या सेकंदाला दहा वेळा आपला ठावठिकाणा एकमेकींना कळवतील असं तंत्र आलं आहे. त्याची 5.9 गिगाहर्ट्झची लहर जेमतेम पाच सेंटिमीटरची. ओल्या पानांत ती लवकर विरते. इथं ते आणायचं तर जुन्या सेटवर बसणाऱ्यांना आधी विचारावं.

कारण मधल्या गाडीनं निरोप पुढं पोचवणं ही इथली रोजची रीत आहे. संध्याकाळी नाल्यातली जीप आणखी खोल उतरली आणि आवाज पार बुडाला. खिंडीत तिसरी गाडी उभी केली. तिच्या चालकानं जंगलाचा कक्ष क्रमांक, धुराची दिशा, माणसं किती, सगळं शब्दन् शब्द पुन्हा म्हटलं. क्रमांक दोनदा. मग खिडकीबाहेर मान काढून तो थांबला. पलीकडून “रॉजर” आलं, तेव्हाच त्यानं हातातला माइक खाली ठेवला.