सक्शनचा काटा खरे बोलतो आहे का?

पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले आजोबा किंवा गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवलेला रुग्ण घरी जायला निघाला की औषधांच्या यादीबरोबर नातेवाइकांना आणखी एक गोष्ट आणायला सांगितली जाते : सक्शन मशीन. घशात आणि श्वासनलिकेत साठलेला कफ ओढून काढणारे हे यंत्र एके काळी फक्त अतिदक्षता विभागात दिसे. आता ते विकत मिळते, भाड्यानेही मिळते. यंत्रावर एक गोल डायल असते आणि तिच्यावर ० ते ७६० असे आकडे. कफ कसा काढायचा हे शिकवताना सिस्टर सांगतात, 'काटा शंभर ते दीडशेच्या मध्ये ठेवा.' नातेवाईक ते वहीत लिहून घेतात आणि मनापासून पाळतात.

मोठ्या माणसासाठी ती सूचना योग्यच आहे. पण काटा दाखवतो तेवढी ओढ नळीच्या टोकाशी खरोखर आहे का, हे सहसा कोणी पाहत नाही. ओढ कमी पडली तर कफ निघत नाही आणि रुग्ण गुदमरतो. जास्त झाली तर श्वासनलिकेचे नाजूक अस्तर सोलवटते, रक्त येते आणि कफाबरोबर फुप्फुसातली हवाही खेचली जाऊन रक्तातला ऑक्सिजन घसरतो. म्हणून हा काटा तपासता येणे ही घरच्या माणसांसाठीही गरजेची गोष्ट आहे, आणि ती अवघड नाही.

काटा नेमके काय मोजतो?

आपल्याभोवतीच्या हवेला दाब असतो. समुद्रसपाटीला हा दाब पाऱ्याचा ७६० मिलिमीटर उंचीचा स्तंभ तोलून धरतो. सतराव्या शतकात इटलीतल्या टॉरिचेलीने पाऱ्याच्या नळीचा प्रयोग केला, तेव्हापासून दाब मोजण्याचे हे माप रूढ झाले. डायलवरचे 'मिमी पारा' ते हेच. सक्शनचा पंप बाटलीतली हवा काढून घेतो, आत दाब कमी होतो आणि बाहेरची हवा कफाला आत ढकलते. काटा दाखवतो तो बाहेरच्या आणि आतल्या दाबातला फरक.

डायलच्या आत बहुधा एक वाकडी, चपटी धातूची नळी असते. फ्रान्सच्या युजीन बूर्दाँने १८४९ साली तिचे पेटंट घेतले. जत्रेत मिळणारी गुंडाळलेल्या कागदाची पिपाणी आठवा. फुंकली की ती उलगडते, हवा ओढून घेतली की आणखी गुंडाळली जाते. बूर्दाँची नळी तसेच करते, फक्त केसभर. ती हालचाल दातेरी चाकांमार्फत काट्यापर्यंत पोहोचते. यंत्र पडले, आपटले, आत ओल गेली, तर ही नळी किंवा चाके बिघडतात.

मात्र काटा चुकण्याचे कारण बरेचदा डायलमध्ये नसते. डायल असते पंपाजवळ आणि रुग्ण असतो दुसऱ्या टोकाला. मध्ये फिल्टर, बाटली, तिचे झाकण, लांब नळी आणि शेवटी बारीक कॅथेटर. हवा वाहत असताना वाटेत ओढ खर्च होते, त्यामुळे दोन्ही टोकांचे आकडे जुळत नाहीत. वाट मोकळी आहे आणि हवा थांबलेली आहे, अशा वेळीच काट्यावर दिसते तेवढी ओढ नळीच्या टोकाशी असते. पुढच्या सगळ्या तपासण्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

एका मिनिटाची तपासणी

पहिली पायरी : यंत्र बंद, नळीचे टोक उघडे. काटा शून्यावर हवा. डायलवर बोटाने हलकी टिचकी मारून पाहा. काटा उडी मारून जागा बदलत असेल तर आतली चाके अडकत आहेत. काटा ३० वर बसून राहत असेल तर 'प्रत्येक वेळी तीस वजा करू' असा हिशेब मांडू नका. काटा वाकला आहे की आतली नळी कायमची वाकडी झाली आहे, हे बाहेरून कळत नाही. दुसऱ्या प्रकारात चूक प्रत्येक आकड्याला वेगळी असू शकते. डायल बदलून घ्यावी.

दुसरी पायरी : कॅथेटर काढून ठेवा, यंत्र सुरू करा आणि लांब नळीचे टोक दुमडून घट्ट बंद करा. काटा झपाट्याने चढला पाहिजे. आता बटण फिरवून तो हव्या त्या आकड्यावर आणा. ओढ ठरवायची ती नेहमी अशी, टोक बंद करून. टोक उघडे ठेवून १२० लावले तर घट्ट कफाने कॅथेटर तुंबताच ओढ त्याच्या कितीतरी वर जाते, आणि ती नेमकी श्वासनलिकेच्या अस्तरावर पडते.

तिसरी पायरी : टोक सोडून द्या. काटा खाली आला पाहिजे.

टोक बंद केले की चढला पाहिजे, उघडले की उतरला पाहिजे. या दोन्ही हालचाली दिसल्या तरच आकड्यावर विश्वास ठेवावा.

काटा चढत नसेल तर

कुठून तरी हवा आत येते आहे. यंत्राला दोष देण्याआधी पंपाच्या तोंडापासून सुरुवात करा. तिथली नळी काढून तोंडावर अंगठा ठेवा. काटा आता पुरेसा चढला, तर पंप ठीक आहे. गळती पुढे कुठे तरी आहे. मग बाटलीपर्यंतची नळी जोडून बाटलीच्या बाजूचे टोक बंद करा, मग बाटली जोडून पाहा, मग लांब नळी. ज्या जोडावर काटा चढेनासा होईल, तिथे दोष. बरेचदा तो निघतो झाकणाच्या रबरी वायसरमध्ये : धुताना निसटलेला, उलटा बसलेला, कडक होऊन तडकलेला. झाकणावरच्या जास्तीच्या तोंडाचे बूच हरवलेले असणे हेही नेहमीचेच. पंपाच्या तोंडाशी अंगठा ठेवूनही काटा चढला नाही, तर मात्र पंप किंवा डायल तंत्रज्ञाकडे न्यायला हवी.

काटा उतरत नसेल तर

हा दोष अधिक घातक, कारण काटा दिसायला अगदी व्यवस्थित असतो. नळीचे टोक उघडे असूनही काटा १२० वर ठाम उभा असेल, तर पंप आणि नळीचे टोक यांच्यामधली वाट तुंबली आहे. पंप आपल्याजवळची हवा ओढतो आहे, काटा तेच सांगतो आहे आणि रुग्णाकडे ओढ पोहोचतच नाही. कफ घरघरतो, नातेवाईक आकडा वाढवत जातात आणि काही होत नाही.

इथे पहिला संशय फिल्टरवर घ्यावा. बाटली आणि पंप यांच्यामध्ये एक चपटी चकती असते. ती हवा जाऊ देते, पाणी अडवते. बाटली उतू गेली किंवा फेस वर चढला की चकती भिजते आणि हवाही अडवू लागते. ती वाळवून पुन्हा लावू नये. नवी लावावी, चकतीवर बाण असेल तर त्याची दिशा पाहून. दुसरा संशय बाटलीवर. ती भरत आली की झाकणातला तरंगता गोळा वर येऊन वाट बंद करतो. म्हणून दोनतृतीयांश भरण्याआधीच ती रिकामी करावी. तिसरा संशय पलंगाच्या चाकाखाली दबलेल्या किंवा पिळलेल्या नळीवर.

सगळे ठीक वाटले की कॅथेटर लावून ग्लासभर स्वच्छ पाणी ओढून पाहा. पाणी सरळ बाटलीत आले तर वाट मोकळी आहे.

आकडा कोणत्या मापातला?

अनेक डायलांवर दोन वर्तुळे असतात : एक मिमी पाऱ्याचे, दुसरे किलोपास्कलचे. १०० मिमी पारा म्हणजे सुमारे १३ किलोपास्कल. चुकून किलोपास्कलच्या वर्तुळावर काटा शंभरकडे नेऊ पाहिला, तर ती ७५० मिमी होते, म्हणजे जवळजवळ पूर्ण निर्वात! घरात यंत्र आले त्याच दिवशी योग्य वर्तुळावर मार्करने हिरवी खूण करून ठेवावी.

नवजात बाळांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. डायलची अचूकता बहुधा पूर्ण मापाच्या टक्केवारीत सांगितलेली असते. ७६० पर्यंतच्या डायलवर २.५ टक्के म्हणजे १९ मिमी इकडे किंवा तिकडे. मोठ्या माणसासाठी १५० वर हे चालून जाते. बाळासाठी ओढ ८० ते १०० इतकीच ठेवायची असते; तिथे ८० दाखवणारा काटा प्रत्यक्षात ६१ ते ९९ यांपैकी काहीही असू शकतो. म्हणून बाळांसाठी कमी मापाची, ठळक आकड्यांची डायल हवी आणि ती ठरावीक काळाने प्रमाणित मापकाशी ताडून पाहायला हवी. रुग्णालयातल्या यंत्रावर त्या तपासणीच्या तारखेची चिठ्ठी असते. ती तारीख उलटून गेली आहे का, हे नातेवाइकांनी विचारले तर त्यात गैर काही नाही.

एक गोष्ट मात्र बिघाड समजू नये. मुंबईत ७०० पर्यंत जाणारे यंत्र महाबळेश्वरला नेले तर काटा सहाशेच्या आसपासच थांबेल. तिथे सुमारे १३५० मीटर उंचीवर हवेचाच दाब ६५० मिमीच्या जवळपास असतो. जेवढी हवा आहे त्याहून अधिक ओढणार कुठून? कफ काढण्यापुरती ओढ तिथेही भरपूर मिळते.

यंत्र ऐनवेळी थांबले तर

वीज जाते, फिल्टर भिजतो, आणि हे नेमके रात्री घडते. घरात एक जास्तीचा फिल्टर, एक वायसर, काही कॅथेटर आणि पायाने किंवा हाताने चालणारा सक्शन पंप असू द्या. घरी जाण्याआधी या तिन्ही पायऱ्या सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने करून दाखवा. कफ काढताना एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त ओढू नका.

कफ ओढताना नजर रुग्णावर असू द्या. ओठ निळसर होत असतील, छाती आत खेचली जात असेल, घरघर कमी होत नसेल, तर काटा कितीही योग्य आकडा दाखवो, त्याच्याशी हुज्जत घालत बसू नका. जोडणी सोडा, हाताचा पंप लावा आणि १०८ ला फोन करा. डायल सकाळीही तपासता येईल.